शांततेच्या नावाखाली मंडळी वाटू नका: पंच कमिटीला खुले पत्र

प्रति,
पंच कमिटी व पाळकसाहेब,
आपली मंडळी, तापीकाठ, खानदेश

सप्रेम सलाम.

मागच्या महिन्यात तुम्ही चर्चच्या फळ्यावर नोटीस लावली. रविवारची भक्ती आता दोनदा होणार, एक साडेआठला आणि दुसरी अकराला. खाली घरप्रमुखांच्या नावांच्या दोन याद्या, म्हणजे कोणी कधी यायचं तेही ठरवून दिलेलं. शेवटच्या ओळीत कारण दिलंय, 'मंडळीत शांतता राहावी म्हणून'. नोटीस लॅमिनेट करून घेतली आहे. पावसाळाभर टिकवायचा विचार दिसतो.

याबद्दल मी तुम्हाला आधी बंद पाकिटातून लिहिलं होतं. पोचही मिळाली नाही. शिवाय हे दुखणं आपल्या एकट्या मंडळीचं नाही. नवापूरपासून भुसावळपर्यंत कुठेही पाहुणी म्हणून गेले की भक्तीनंतर चहाच्या वेळी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "तुमच्याकडचं मिटलं का?" आणि मग स्वतःकडचं सांगायला लागतं. म्हणून आता उघड लिहिते. गावाचं नाव घालत नाही, माणसांचीही नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी संडे स्कूलला शिकवते. माझं सासर साडेआठच्या यादीत आहे आणि माहेर अकराच्या. आई धाकट्या भावाकडे असते. तिला आता नीट दिसत नाही, पण गायनं सगळी पाठ आहेत. चर्चच्या पायऱ्या ती माझ्या खांद्याला धरून चढते. तुमच्या हिशोबाने तिने अकराला यायचं, तोवर मी घरी जाऊन भाकरी थापत असायची. मुलंही वाटली गेली. नाताळच्या नाटिकेतले मेंढपाळ पहिल्या यादीतले आणि मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून आलेले ज्ञानी, दुसऱ्या यादीतले. सरावाला कोणाला किती वाजता बोलवू, ते तुम्हीच सांगा.

भांडण कशावरून लागलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त दोन्हीकडचे ते वेगवेगळ्या ठिकाणापासून सांगायला सुरुवात करतात. रस्त्याच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीला लागून गाळे काढले. ते भाड्याने दिले, अनामत घेतली. त्या अनामतीचा आणि भाड्याचा हिशोब आमसभेत वाचला गेला नाही. विचारलं की उत्तर एकच, ऑडिट चालू आहे. त्यात पंचांची निवडणूक आली. ती एका बाजूला मान्य, दुसरीला नाही. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचे दोन बदल अर्ज गेले, एकमेकांच्या विरुद्ध. पाठोपाठ दिवाणी दावा. मग एका रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, दारात धक्काबुक्की झाली आणि पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी पडल्या. तेव्हापासून दाराच्या एकाच कडीला दोन कुलुपं आहेत, आणि भक्तीच्या आधी दोन किल्लीवाले एकमेकांकडे न बघता उभे असतात.

याच्या खाली आणखी एक भांडण आहे. ते कुठल्या अर्जात कोणी लिहीत नाही, पण खरं तेच आहे. एकीकडे कंपाउंडातली जुनी घरं, ज्यांचे आजे-पणजे मिशनच्या बंगल्यावर, शाळेत, दवाखान्यात कामाला होते. दुसरीकडे गावांतून, पाड्यांवरून आलेली घरं, ज्यांच्या चुलीपाशी अहिराणी बोलतात नाहीतर मावची. पहिल्यांची मराठी पुस्तकातली. पंच त्यांच्यातलेच, खजिनदार त्यांच्यातला, पुढचे बाकही सवयीने त्यांचे. भाऊ म्हणतो, "आम्ही फक्त सतरंज्या टाकाले आनि पंगत वाढाले." मी त्या जुन्या घरांपैकी एकात सून म्हणून गेले, त्यामुळे मला हे दोन्हीकडून ऐकायला मिळतं. भावाच्या बोलण्यात राग जास्त आहे, पण खोटं काही नाही.

मंडळीत भांडण झालं याची मला लाज वाटत नाही. प्रेषितांच्या काळापासून भांडणं होत आली आहेत. माझी हरकत तुमच्या तोडग्याला आहे. माणसं एकमेकांसमोर येऊच नयेत अशी सोय करायची आणि तिला शांतता म्हणायचं, हे आपल्या विश्वासात बसत नाही. तोंडं फिरवून जगायला ख्रिस्त कशाला हवा? ते तर भाऊबंदकीत कोणालाही जमतं.

आता तक्रारी सांगते.

पहिली. प्रभूने भांडण मिटवायची रीत घालून दिली आहे आणि ती तुम्ही पाळली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जा आणि दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरी नाही ऐकलं, तर मंडळीपुढे मांड. ज्या माणसाने गाळ्यांचा हिशोब पहिल्यांदा मागितला, त्याचं घर चर्चपासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्याच्याकडे पंचांपैकी एकही जण गेला नाही. त्याच्याकडे पोस्टाने रजिस्टर एडी गेलं. आणि त्या भल्या माणसानेही उलट तेच केलं, तो पंचांच्या ओट्यावर न येता वकिलाच्या पायऱ्या चढला. दोघांचीही पहिली पायरी राहिली ती राहिलीच.

मत्तय 5 मध्ये तर त्याहून अवघड सांगितलं आहे. अर्पण वेदीपाशी आणलं आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलं नाही. ज्याला आठवलं त्याने उठायचं. आपल्याकडे दर रविवारी अर्पणाची थैली फिरते आणि कोणी उठत नाही. मीही त्यातच बसलेली असते.

दुसरी तक्रार वेळेची. बारीक वाटेल, पण बारीक नाही. साडेआठची वेळ कोणी घेतली? आपल्या जळगाव-भुसावळकडचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो. अकरा वाजता त्या पत्र्याखाली बसायचं काय असतं ते पंख्याखाली बसणाऱ्यांना विचारू नका. गावाहून येणाऱ्यांना एसटीमुळे उशिराची वेळ सोयीची, असं तुमचं म्हणणं माझ्या कानावर आलं. त्यांना विचारलं होतं का? अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांचं चराईवरून भांडण लागलं, तेव्हा वेगळं व्हायचं ठरलं हे खरं. पण थोरल्याने धाकट्याला सांगितलं की आधी तू निवड, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. आपल्याकडे थोरल्यांनी आधी निवडलं आणि उरलेलं धाकट्यांच्या यादीवर चिकटवलं. करिंथच्या मंडळीत काही जण प्रभुभोजनाला येऊन आपलं आपलं आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना कसा बोलला तेही काढून वाचा.

तुमच्यापैकी एकांनी मला पौल आणि बर्णबाचा दाखला दिला. मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून त्यांचं कडाक्याचं वाजलं आणि ते वेगळे झाले. झाले, खरंच. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाकडे. पण ते दोन दिशांना कामाला गेले, अंत्युखियाच्या मंडळीच्या दोन याद्या करून गेले नाहीत. आणि पुढे तुरुंगातून लिहिताना तोच पौल तीमथ्याला सांगतो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. दाखला द्यायचा तर पूर्ण द्या.

तिसरी तक्रार हिशोबाची, आणि सगळी गाठ इथेच आहे. आपली मंडळी नोंदणीकृत ट्रस्ट आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दरवर्षी हिशोब तपासून घेणं विश्वस्तांना बंधनकारक आहे. ट्रस्टची इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत बदल कळवायचा असतो. गाळ्यांचे करार किती मुदतीचे आहेत? परवानगी घेतली का? घेतली असेल तर कागद दाखवा, निम्मं भांडण त्याच दिवशी संपेल. पण हे विचारणाऱ्याला तुम्ही 'कुरकुर करणारा' म्हणता आणि रानात मोशेविरुद्ध कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांचा दाखला देता.

कुरकुरीचाच दाखला हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडा. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. म्हणजे पैसा, अन्न आणि बोली, आपलंच सगळं. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांची पंगत सकाळी आणि इब्री विधवांची दुपारी, असंही केलं नाही. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातले चांगल्या नावाचे सात जण निवडा, हे काम त्यांच्याकडे देतो. मंडळीने निवडले ते स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. साती नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. आणि त्यानंतर लगेच लिहिलंय की शिष्यांची संख्या फार वाढली.

आपल्याकडे हे करायला काय लागतं? खजिनदाराच्या कपाटाची एक किल्ली पाड्यावरच्या माणसाच्या हातात द्यावी लागते. वही मराठीत आहे, ती अहिराणीत आणि मावचीत समजावून सांगावी लागते. बस. यासाठी उपास-प्रार्थना जाहीर करायची गरज नाही. केलीत तर मी येईन, पण वही सोबत आणा.

चौथी तक्रार थोडक्यात. उपदेशाच्या वेळी माणूस डोळ्यांसमोर ठेवून वचन निवडलं जातं. पाळकसाहेब, लोक मागे वळून बघतात की आज कोणावर होतं. ज्याला सांगायचंय त्याच्या घरी जाऊन सांगा, चहाही मिळेल. तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर वचनं दगडासारखी भिरकावली जातात आणि खाली हात जोडलेली इमोजी असते. हे ते कुठून शिकले, ते मी सांगायला नको.

पाचवी तक्रार मात्र थोडक्यात होणार नाही. क्षमा कोणाला सांगितली जाते, तेवढं एकदा बघा. आपल्या मंडळीतल्या एका बाईला नवरा मारत होता. ती माहेरी निघून गेली. पंच आणि दोघी वडीलधाऱ्या बाया जीप करून तिच्या माहेरी गेल्या. तिच्यासमोर सत्तर वेळा सात क्षमा करायचं वचन वाचलं, प्रार्थना केली, आणि त्याच जीपमध्ये बसवून तिला परत आणलं. ज्याने हात उचलला त्याच्या घरी त्या दिवशी कोणी एक ओळही वाचली नाही. तो त्या रविवारी अर्पण गोळा करत होता. गाळ्यांच्या भांडणातही हेच. अन्याय का सोसत नाही, हे पौलाचं वाक्य नेहमी ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सांगितलं जातं, आणि सांगणारा नेहमी दुसरा असतो. ते वाक्य ज्याने त्याने स्वतःला सांगायचं असतं. दुसऱ्याला सांगितलं की ती दडपणूक होते.

म्हणून स्पष्ट लिहिते की मारहाण हा समेटाचा विषय नाही. 2005 पासून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे. तिथे जाणारी बाई विश्वासात कमी पडली असं कोणी म्हणू नये. पौलानेही जिवावर आलं तेव्हा कैसराकडे दाद मागितली होती. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे तिचं आणि देवाचं. तिला परत नांदायला नेणं हे पंचांचं काम नव्हे.

तुम्ही म्हणाल, बाई नुसतं बोलते, हे जमणार कसं? आपल्याच मंडळीत जमलेलं आहे. जुने पाळकसाहेब असताना दोघा भावांचं केळीच्या बांधावरून लागलं होतं. एकाने बांध कोरला, दुसऱ्याने रात्री त्याची ठिबकची नळी कापली. दोघांचे शर्ट फाटले, बोलणं बंद, बायकांचंही. पाळकसाहेब तिथे गेले ते वचन वाचायला नाही. त्यांनी मोजणीचा टेप मागवला. एक टोक थोरल्याच्या हातात, एक धाकट्याच्या हातात, आणि स्वतः उन्हात टोपी घालून मध्ये उभे. थोरला बोलायला लागला तेव्हा म्हणाले, "पहिले त्याले बोलू दे, मंग मी पाहसू." बांध दीड हात आत सरकलेला निघाला. तो सोडावा लागला. कापलेल्या नळीचे पैसे कापणाऱ्याने भरले. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानेही आधी चौपट परत करायचं कबूल केलं आणि मग त्याच्या घराला तारण आलं. प्रार्थना झाली ती पैसे हातात पडल्यावर, त्याच बांधावर. बोलणं लगेच सुरू झालं नाही, पुढच्या पिकापर्यंत वाट बघावी लागली. पण एका पंगतीला बसले. अजून बसतात.

देवावर विश्वास असलेला माणूस भांडण कसं मिटवतो, ते मी तिथे पाहिलं. खरं काय ते मोजायचं, ज्याचं त्याला द्यायचं, आणि मग हात धरायचा. आपण शेवटचं आधी करायला बघतो आणि मोजायचं टाळतो.

सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे, असंही माझं म्हणणं नाही. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडल्यात जमा झाला. काही वर्षांनी त्या परत आल्या त्या स्वतःचा धर्म आणि सोवळं घेऊनच. तरी दोघं एका छपराखाली राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पुढे 1900 मध्ये झाला. देव वेगळा असताना ती दोन माणसं एका घरात राहू शकली. आपला देव एक आहे, प्रभुभोजनाचं मेज एक आहे, आणि अडतो आपण गाळ्यांच्या भाड्यावर.

राज्य सरकारने 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा आपल्या मंडळीतले दोघे गावच्या समितीवर होते. गावातली बांधाची, गटाराची, सोयरिकीची भांडणं त्यांनी ओट्यावर बसून मिटवली. वेशीवरचा फलक अजून आहे. तेच दोघे आज दोन वेगळ्या याद्यांत आहेत. याला काय म्हणावं?

आता मागण्या.

ती नोटीस काढा. पुढच्या रविवारपासून एक भक्ती, एक प्रभुभोजन, दाराला एक कुलूप. वेळ कोणती ते आमसभेत हात वर करून ठरवा, आणि उन्हाळ्यात सगळ्यांसाठीच लवकरची ठेवा.

महिन्याच्या आत आमसभा बोलवा. त्यात मागच्या तीन वर्षांचा हिशोब, गाळ्यांचे करार आणि अनामतीच्या पावत्या वाचून दाखवा, अहिराणी आणि मावचीत सांगणारा माणूस सोबत ठेवा. पुढे गाळ्यांचं काम सात जणांच्या समितीकडे द्या. त्यात निम्म्याहून जास्त माणसं गावाकडच्या घरांतली असावीत, बाया असाव्यात. नावं पंचांनी ठरवू नयेत.

ज्यांचं ज्यांच्याशी वाजलं आहे त्यांना समोरासमोर बसवा. सोबत दुसऱ्या मंडळीतली दोन-तीन वडील माणसं बोलवा, पण ती दोन्हीकडच्या कोणाची सोयरी नसावीत. खानदेशात असं माणूस शोधणं कठीण आहे हे मला ठाऊक आहे, तरी शोधा. त्याआधी पंचांनी स्वतः घरोघर जावं, एकेकट्याने, मागे टोळी न घेता.

मारहाणीच्या तक्रारीत पंच मध्यस्थी करणार नाहीत असा ठराव करा आणि तो फळ्यावर लावा. लॅमिनेट मी करून देते.

राहिला कोर्टाचा विषय. धक्काबुक्कीच्या दोन्ही तक्रारी आणि दिवाणी दावा समेटाने मिटवायची तयारी दोन्ही बाजूंनी लेखी द्यावी. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण हिशोबाची चौकशी मागे घ्या, तरच समेट, अशी अट तुम्ही घालू नका. चौकशी होऊ द्या, स्वच्छ असाल तर तुमचाच फायदा आहे. आणि आजवर वकिलांना दिलेली फी कोणत्या खात्यातून गेली, तेही आमसभेत सांगा. अर्पणातून गेली असेल तर ती ज्याने त्याने आपल्या खिशातून भरावी, दोन्हीकडच्यांनी.

ख्रिस्तात आपली बहीण,
संडे स्कूलची एक शिक्षिका